पॉवर कमी, इंटरेस्ट जास्त

माझ्या नोकरीचं नाव प्रोजेक्ट मॅनेजर. आईला ती पहिल्यांदा समजावून सांगितली तेव्हा ती जयसिंगपूरच्या घरी भाकऱ्या थापत होती.

"म्हणजे इमारत तू बांधणार?"

"नाही, ती ठेकेदार बांधणार."

"मशीन तू बसवणार?"

"ते कंपनीची माणसं बसवणार."

"मग तू काय करणार?"

"ही सगळी माणसं एकमेकांशी नीट वागतील असं बघणार."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे नाकदुऱ्या काढणार. त्याला इंजिनिअरिंग कशाला लागतं? तुझी आत्या लग्नाकार्यात फुकट करते."

आमचं ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. गावोगावच्या दूध संस्थांना संकलन केंद्र उभारून द्यायचं, म्हणजे इमारत, वीज, दूध तपासायचं मशीन आणि दूध थंड ठेवायची भलीमोठी स्टीलची टाकी, असा आमचा धंदा. ऑफिसचे मालक म्हणजे आमचे सर. माणूस कामाला चोख होता. मग ते पुण्याला कुठल्याशा कोर्सला गेले, आणि परत आले ते निराळेच. पूर्वी ते "त्याला फोन लाव आणि चांगला झाड" म्हणायचे. आता "त्याला अलाइन करून घे" म्हणायला लागले. करायचं तेच होतं, फक्त झाडायचं हसून.

कुरुंदवाडच्या अलीकडं एक गाव आहे, तिथल्या संस्थेचं काम माझ्याकडं आलं. संस्थेची जुनी खोली नदीच्या बाजूला. पाणी चढलं की सगळ्यात आधी तिच्यात शिरायचं. म्हणून नवी जागा गावाच्या वरच्या अंगाला, उंचावर घेतली होती. तिथं मोठी गाडी जायला एकच रस्ता, आणि तो जुन्या चेअरमनांच्या शेताला लागून जायचा.

जुन्या चेअरमनांना गाव आण्णा म्हणायचं. संस्था त्यांनीच काढली, वर्षानुवर्षं चालवली, आणि मागच्या निवडणुकीत ते चेअरमनपदाला पडले. ज्यानं त्यांना पाडलं तो नवा चेअरमन त्यांचा सख्खा साडू. दोघांच्या बायका पाठच्या बहिणी. थोरली आण्णांची, धाकटी चेअरमनची. निकालाच्या दिवसापासून दोघा साडवांचं बोलणं बंद होतं. पण दोघंही संचालक मंडळावर, त्यामुळं बैठकीला एकत्र बसावं लागायचं. तिथं बोलायचं तर मधे कुणीतरी पाहिजे. ते कुणीतरी मी झाले.

पहिल्याच बैठकीत दोघांनी मला मधल्या खुर्चीवर बसवलं.

"मॅडम," आण्णा माझ्या उजव्या कानात म्हणाले, "चेअरमनास्नी सांगा, दार रस्त्याकडं केलं तर उन्हं आत येत्यात."

"मॅडम," चेअरमन डाव्या कानात म्हणाले, "आण्णास्नी सांगा, उन्हं आमास्नी बी लागत्यात. पर रस्त्यावरनं बोर्ड दिसाय पायजे का नको?"

दोघांच्या मधे एका खुर्चीचं अंतर. मी डावीकडचं उजवीकडं आणि उजवीकडचं डावीकडं सांगत राहिले. शेवटी मी इमारतीला दोन दारं सुचवली, एक गल्लीकडं आणि एक रस्त्याकडं. ठेकेदार वैतागला, पण ते दोघं एकदम "चाललं" म्हणाले. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली.

मग माझं बस्तान बसलं. गावात गेले की आधी आण्णांकडं चहा, कारण ते वयानं मोठे; मग चेअरमनांकडं चहा, कारण ते पदानं मोठे. क्रम चुकवायचा नाही आणि एकीकडं अर्धा कप सोडायचा नाही. भाषाही हळूहळू उमगली. "व्हय की" म्हणजे ऐकलं, एवढंच. "बघू की" म्हणजे होणार नाही. आणि "तुमी म्हणशीला तसं" असं कुणी म्हणालं की समजायचं, भांडण जुंपलं.

काम बरं चाललं होतं. स्लॅब टाकून झाला, फरशी झाली. हे सरांना बघवलं नाही.

"आपलं स्टेकहोल्डर मॅपिंग कुठंय?" त्यांनी एक दिवस विचारलं. मी म्हटलं, माझ्या डोक्यात आहे. "डोक्यातलं चालत नाही. कागदावर पाहिजे." मग त्यांनी मला समोर बसवून गावातल्या एकेका माणसाबद्दल विचारलं आणि स्वतःच एक तक्ता केला. मोठा चौकोन, त्यात चार चौकटी. वर पॉवर जास्त असलेली माणसं, खाली कमी असलेली. उजवीकडं इंटरेस्ट जास्त, डावीकडं कमी. गावाला समजावं म्हणून मराठीतून. गावाला दाखवायचंच नव्हतं, तरी मराठीतून.

वर उजवीकडं चेअरमन: 'सांभाळून ठेवा.' खाली उजवीकडं आण्णा: 'पॉवर कमी, इंटरेस्ट जास्त. फक्त कळवत राहा.' खाली डावीकडच्या चौकटीला त्यांनी 'कीरकोळ' असं नाव दिलं आणि तिच्यात गावचे निवृत्त गुरुजी आणि 'दूध घालणाऱ्या महिला' यांना टाकलं.

"सर," मी म्हटलं, "हे कुणाला दाखवू नका."

"अगं, हे इंटर्नल आहे."

आमच्या भागात कुठलीही आतली गोष्ट दुपारपर्यंत गावात पोचते. ही सकाळीच पोचली, कारण ती सरांनी स्वतः पाठवली. कंपनीकडून आलेला टाकीचा फोटो टाकायला म्हणून ते संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेले आणि फोटोच्या जागी तक्ता टाकून बसले. चूक लक्षात आल्यावर त्यांनी घाईनं तो डिलीट केला, पण फक्त स्वतःच्या फोनमधून. त्यामुळं अख्ख्या ग्रुपमध्ये तो एका सरांनाच दिसेनासा झाला.

पहिला फोन चेअरमनांचा. "मॅडम, लई भारी काढलंय! ह्येचा फ्लेक्स करू या का?"

मी धावत गाव गाठलं. पारावर गुरुजी फोन डोळ्यांजवळ धरून बसले होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "किरकोळ म्हणायला माझी हरकत नाही. तुम्ही 'की' दीर्घ काढलाय. मला किरकोळ म्हणा, पण ऱ्हस्व म्हणा."

दुधाच्या रांगेतल्या बायका हसत होत्या. "मॅडम, किरकोळ आमीच न्हवं? मग उद्यापास्नं चेअरमनांची धार काढून घाला टाकीत!"

इथवर ठीक होतं. हसण्यावारी नेणारी माणसं धोक्याची नसतात. मी आण्णांकडं गेले. ते बाहेरच्या सोप्यात बसले होते. आतून पाण्याचा तांब्या आला. चहा आला नाही. कोल्हापूर जिल्ह्यात याला नोटीस म्हणतात.

"मॅडम," आण्णा शांतपणे म्हणाले, "पॉवर कमी म्हंजे किती कमी?"

"आण्णा, ते तसं नाही. ती एक पद्धत असते..."

"न्हाय, किती कमी? आमास्नी बी कळाय पायजे की. एकदा मोजूनच बघू."

दुसऱ्या दिवशी केंद्राकडं जाणाऱ्या रस्त्यावर आण्णांची उसाची ट्रॉली आडवी उभी होती. एक चाक काढलेलं, आसाखाली दगड. एका बाजूला चर, दुसऱ्या बाजूला आण्णांचा उभा ऊस. माणूस जाईल, म्हैस जाईल, ट्रक जाणार नाही.

"टायर पंक्चर झालाय," आण्णा म्हणाले. "जयसिंगपूरला दिलाय."

जयसिंगपूर माझं गाव. तिथं पुढ्यातला चहा गार व्हायच्या आत पंक्चर निघतं. हे काही केल्या निघेना. मी रोज फोन करून विचारायचे आणि आण्णा रोज तितक्याच सरळपणे सांगायचे, "दिलाय न्हवं का. कारागीर लग्नाला गेलाय." हा रस्ता अडवलाय असं गावात कुणीही म्हणत नव्हतं. सगळे म्हणत होते, पंक्चर आहे. चेअरमनसुद्धा म्हणत होते.

त्यातच टाकी आली. परराज्यातून, लांबलचक ट्रकवर, ताडपत्रीत गुंडाळलेली. ट्रक फाट्यावर थांबला आणि तिथंच राहिला. ड्रायव्हर राजस्थानी होता. त्यानं ट्रकच्या सावलीत अंथरूण पसरलं आणि दिवसातून दोनदा मला फोन करून एकच वाक्य ऐकवायचा: "मॅडम, मुझे घर जाना है." त्याला जेवणाचा डबा मात्र रोज दोन वेळा जायचा, तोही आण्णांच्या घरून. मी विचारलं तर आण्णा म्हणाले, "पावणा हाय. त्येचा काय दोस?"

चेअरमनांना मी म्हटलं, तुम्ही काहीतरी करा. पोलिसांत तक्रार द्या.

"साडवाला पोलिसात देऊ?" ते दचकले. "मग घरात मला जेवाय कोन घालंल?"

शेवटी सर स्वतः आले. गाडीत तक्ते लावायचा स्टँड आणि रंगीत पेनं घालून आले. आण्णांच्या सोप्यात त्यांनी स्टँड उभा केला. गोठ्यातली म्हैस मान वळवून बघत होती.

"आण्णा, आपल्याला विन-विन सोल्युशन काढायचंय."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्हीपण जिंकला आणि चेअरमनपण जिंकले."

"मग हरलं कोन?"

"कोणीच नाही."

आण्णांनी थोडा विचार केला. "कोनच हरलं न्हाय तर मग मी घरात कशापायी बसलोय?"

सरांनी पेन उचललं, कोऱ्या कागदावर चार चौकटी काढल्या आणि आण्णांना वर उजवीकडं, चेअरमनांच्या शेजारी लिहिलं. "हे बघा. तुम्हाला वर घेतलं."

"आनी त्येला खाली घ्या."

"तसं करता येत नाही. ते पदावर आहेत."

"तर मग मला वर घिऊन काय करू?" आण्णा उठले. "कागदावर तुमी कुनालाबी वर घ्याल. जावा आता, ऊन व्हतंय."

परतताना गाडीत सर म्हणाले, "हा माणूस अलाइन होत नाही."

"सर," मी म्हटलं, "आधी चाक तरी बसू दे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धारांच्या वेळेला मी आण्णांच्या घरी मागच्या बाजूनं गेले. आण्णांच्या बायकोला सगळं गाव आक्का म्हणतं. इतके दिवस मी त्यांना दाराआड उभी सावली म्हणूनच ओळखत होते. त्या म्हशीखाली बसल्या होत्या. दुधाचा फेस बादलीच्या काठापर्यंत आला होता. मी वाटेत वाक्य जुळवलं होतं, तुम्ही बहिणी एकत्र बसलात तर, असं काहीतरी. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

"आलीस व्हय? मी म्हनलो, कवा येती."

"आक्का, मला वाटत होतं, तुम्ही आणि तुमची बहीण एकदा बोललात तर..."

"रोज बोलतो की."

"रोज? तुमचं बोलणं सुरू आहे?"

"बंद कवा हुतं? भांडान बाप्यांचं. आमी काय त्यांच्या पॅनलात हुभं ऱ्हायलोय?" त्यांनी म्हशीच्या अंगावर थाप मारली आणि उठल्या. "बस तितं. आमची सून हाय न्हवं, बीएस्सी झालीया. घरात बसून फोन बगती दिवसभर. तुमच्या त्या नव्या मशीनवर मानूस लागणार का न्हाय?"

लागणार होता. दूध तपासायचं मशीन आणि त्याला जोडलेला कॉम्प्युटर चालवायला एक ऑपरेटर. ती जागा चेअरमननी आपल्या थोरल्या भावाच्या मुलाला शब्द देऊन ठेवली होती. हे गावाला माहीत होतं आणि मलाही.

"आक्का, ते माझ्या हातात नाही."

"टायर बी माझ्या हातात न्हाय," आक्का म्हणाल्या.

आम्ही दोघी थोडा वेळ म्हशीकडं बघत बसलो.

"पण चेअरमन ऐकतील का?" मी विचारलं. "त्यांचा पुतण्या आहे."

"धाकटीला कुठं पायजे त्यो? जावेचा पोरगा. उद्या त्यो मशीनवर बसला की जाऊ डोक्यावर बसंल." आक्कांनी आवाज जराही खाली केला नाही. "ती नवऱ्याचं बगून घेती. पर त्येला भावाला सांगाय कायतरी कारन पायजे का नको? तू म्हन, कंपनीची अट हाय. शिकल्यालं मानूस पायजे."

मी कोर्स केलेला नाही. पण कोर्समध्ये जे शिकवतात ते समोर चालू असलं तर ओळखू येतं. या बाईनं दोन्ही घरं, दोन्ही पॅनलं आणि आमचं ऑफिस केव्हाच आपापल्या जागी लावून ठेवलं होतं. फक्त माझी जागा मला आत्ता कळत होती. मी निरोप्या होते, आधी बाप्यांची आणि आता बायकांची.

आत जाऊन त्यांनी चहा पाठवला. सुनेनं आणला. तिनं कप माझ्या हातात देता देता विचारलं, "मशीनचं ट्रेनिंग कोल्हापूरला असतं का?" म्हणजे ठरलेलंच होतं.

मशीनच्या कंपनीला मी फोन केला. ऑपरेटर विज्ञान शाखेचा असेल तर बरं, असं पत्रात घालाल का, विचारलं. त्यांना काय, त्यांनी 'बरं' काढून 'आवश्यक' घातलं. ते पत्र घेऊन मी चेअरमनांकडं गेले. त्यांनी ते सावकाश वाचलं, घडी घातली आणि मोठ्यानं, आतल्या भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "कंपनीची अटच हाय म्हनल्यावर आपुन काय करनार!" आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता तो क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी कित्येक महिन्यांत चेअरमनांना इतकं हलकं झालेलं बघितलं नव्हतं. पुतण्याला नकार द्यायचा होता, आणि तो त्यांना स्वतःच्या तोंडानं द्यावा लागणार नव्हता.

लगेच दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांचा फोन. "टायर आला."

"बरं झालं आण्णा. निघालं का पंक्चर?"

"पंक्चर न्हवतंच. ट्यूबचा वॉल गेलता."

टाकी आत गेली तेव्हा सगळं गाव रस्त्यावर होतं. ऊस वाकवून धरायला आण्णा स्वतः उभे होते आणि ड्रायव्हरला "डावं घे, डावं घे" म्हणून ओरडत होते. चेअरमन दुसऱ्या बाजूनं "उजवं" म्हणून ओरडत होते. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं म्हणून टाकी वाचली.

उद्घाटनाला नारळ कुणी फोडायचा यावर पुन्हा सुरू होणार असं दिसलं, तेवढ्यात धाकटीनं निरोप पाठवला की दारं दोन आहेत, नारळ दोन आणा. मग चेअरमननी रस्त्याकडच्या दारात फोडला आणि त्याच क्षणी आण्णांनी गल्लीकडच्या दारात. फोटोग्राफर एका दारातून दुसऱ्या दारात पळून घामाघूम झाला. दोघंही नारळाची भकलं हातात घेऊन दोन दारांनी आत आले आणि टाकीपाशी समोरासमोर उभे राहिले. दोघांनी एकदमच माझ्याकडं बघितलं.

मी फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड केलं. फोन कुणाचाही नव्हता.

आण्णा टाकीला म्हणाले, "टाकी बरी हाय."

"हाय की," चेअरमन टाकीला म्हणाले.

पुढं काही दिवसांनी सरांचं कोल्हापुरातल्या एका हॉटेलात जेवता जेवता ऐकायचं व्याख्यान झालं. नव्या इंजिनिअरांना मार्गदर्शन. पडद्यावर त्यांनी तोच तक्ता दाखवला, आता 'कि' ऱ्हस्व करून. "पारदर्शकता म्हणून मी हा तक्ता मुद्दाम गावासमोर ठेवला," ते म्हणाले. "सुरुवातीला रेझिस्टन्स आला. पण संवादातून मार्ग निघाला." मग टाकीजवळच्या दोघा साडवांचा फोटो. टाळ्या. एका मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, किरकोळ चौकटीतल्या लोकांना किती वेळ द्यायचा?" सर म्हणाले, "कमीत कमी." तिनं ते लिहून घेतलं. मी मागच्या रांगेत बसून बासुंदीची दुसरी वाटी घेतली. सरांनी भाषणात टीमचे आभार मानले तेव्हा माझं तोंड भरलेलं होतं, ते बरंच झालं.

पुढच्या निवडणुकीत आक्का आणि धाकटी दोघी एका पॅनलमधून उभ्या राहिल्या. नवऱ्यांना अर्ज भरल्यावर कळलं. दुधाची रांग एकगठ्ठा त्यांच्या मागं गेली. आक्का चेअरमन झाल्या, धाकटी व्हाइस चेअरमन. मग कारभार सुधारला असं लिहायला मला आवडलं असतं. आक्कांनी राखणदार म्हणून आधी आपल्या भावाला लावलं. भाऊ दोघींचा असल्यामुळं त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो पशुखाद्याच्या गोदामावरून. ते कुणाच्या शेताशेजारी बांधायचं यावर दोघींचं बिनसलं आणि आता त्या एकमेकींशी बोलत नाहीत.

गोदामाचं काम आमच्याकडंच आलंय. परवा जागा बघायला गेले तर पारावर दोघं साडू शेजारी शेजारी बसून तंबाखू मळत होते. मला बघून सरकले.

"मॅडम, बसा," आण्णा म्हणाले. "एक सांगू? दोघींच्या मधी पडू नगा."

"खरं हाय," त्यांचे साडू म्हणाले. "आमी न्हाय पडत."

मी बरं म्हटलं, थोडा वेळ सावलीत बसले आणि फाइल घेऊन उठले. थोरलीकडं आधी जायचं होतं.